बलस्थाने, उणिवा आणि विशेषणे

सामना संपल्यावर बोलणे सोपे असते. निकाल हाती आलेला असतो आणि त्या निकालाला शोभतील अशी कारणे मागाहून गोळा करता येतात. सामन्याच्या आदल्या रात्री बोलणे मात्र जोखमीचे. दोन प्रतिस्पर्धी संघांचे दोन चाहते समोरासमोर बसून 'तुमचे हे बळकट, आमचे ते लंगडे' अशी मांडणी करू लागतात, तेव्हा त्यांच्या विधानांची परीक्षा दुसऱ्याच दिवशी व्हायची असते. साहित्यसमीक्षेवर असा प्रसंग सहसा येत नाही. त्यामुळेच की काय, आपली विधाने तपासून पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला फारशी लागलेली नाही, असे आम्हास पुष्कळदा वाटत आले आहे. या जाणिवेला निश्चित रूप आले ते बास्केटबॉलविषयीचा एक वाद ऐकताना. ज्या वाचकांना या खेळात रस नाही त्यांनी थोडा धीर धरावा. आपल्याला अखेर बहिणाबाईंपर्यंत आणि 'बलुतं'पर्यंत यायचे आहे.

तारीख २ जून २०१०. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात आमच्या एका स्नेह्यांकडे आम्ही मुक्कामाला होतो. वीस वर्षे त्या गावात काढल्यामुळे हे गृहस्थ 'बॉस्टन सेल्टिक्स' या संघाचे कट्टर चाहते झालेले. त्यांचा भाचा लॉस एंजेलिसला शिकत होता आणि सुट्टीत मामांकडे आला होता. तो अर्थातच 'लॉस एंजेलिस लेकर्स'चा. एन.बी.ए. या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेची अंतिम मालिका दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती आणि नेमके हेच दोन संघ समोरासमोर उभे ठाकले होते. सात सामन्यांपैकी चार जिंकेल तो विजेता. त्यापूर्वी १९५९ पासून हे संघ अंतिम मालिकेत अकरा वेळा भेटले होते आणि त्यांपैकी नऊ वेळा बॉस्टनने बाजी मारली होती. शेवटची भेट दोनच वर्षांपूर्वीची, २००८ मधली. तीही बॉस्टननेच जिंकलेली, आणि शेवटच्या सामन्यात १३१ विरुद्ध ९२ अशा दारुण फरकाने. तेव्हा भाच्याच्या मनात सल होता आणि मामांच्या आवाजात मालकी हक्क.

"मामा, खरं सांगू? तुमचे तिघेही आता दमलेत," भाच्याने पान वाढून होण्याआधीच सुरुवात केली. "गार्नेट चौतीस, अ‍ॅलन चौतीस, पिअर्स बत्तीस. नाताळपर्यंत तेवीस जिंकले, पाच हरले. आणि पुढे? सत्तावीस जिंकले, सत्तावीस हरले. हा काय विजेत्यांचा हिशेब झाला?"

"दमलेत ना? मग क्लीव्हलंडला आणि ऑरलँडोला घरी कोणी पाठवलं?" मामा म्हणाले. "वयाची भीती मला नाही रे. मला भीती आहे ती रिबाउंडची. हुकलेला चेंडू परत आला की तो आमच्या हाती लागत नाही. तुमचे गसोल आणि बायनम दोघंही सात-सात फुटी. आमच्याकडे त्यांना अंगावर घेणारा एकटा पर्किन्स, आणि त्याच्या नावावर टेक्निकल फाउल इतके साचलेत की आणखी एक झाला तर एका सामन्याला तो बाहेर."

"आमचंही सगळं आलबेल नाही, मामा. बायनमचा गुडघा धड नाही. राँडोला अडवणार कोण? फिशर पस्तिशीचा, राँडो त्याला उभाच्या उभा मागे टाकेल. म्हणजे कोबीला त्याच्यावर ठेवावा लागणार, आणि मग कोबीचे पाय दुसऱ्या टोकाला किती चालणार?"

हे बोलणे असेच तास-दीड तास चालले. आम्हाला यातील तपशील त्या वेळी अर्धेमुर्धेच कळत होते. परंतु संभाषणाची जातकुळी ओळखीची वाटत होती. ही समीक्षाच होती, आणि तिच्यात तीन गोष्टी अशा होत्या की त्या आमच्या व्यवसायात क्वचितच एकत्र आढळतात. पहिली गोष्ट अशी की विधाने नेमकी होती. 'बॉस्टनचा संघ थोर आहे' असे मामा एकदाही म्हणाले नाहीत. कोण कोणासमोर उभा राहील, कोणाचा गुडघा दुखतो, कोणत्या क्षणी कोण एकटा पडेल, याविषयीच ते बोलत होते. दुसरी गोष्ट, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. लेकर्सचे बळ कशात आहे हे मामांना पाठ होते, कारण ते ठाऊक असल्याखेरीज स्वतःच्या संघाची चिंता करणेही शक्य नव्हते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वतःच्या उणिवेची कबुली. ही कबुली सद्गुणातून आलेली होती असे आम्ही म्हणत नाही. ती झाकून काही उपयोग नव्हता एवढेच. उद्या मैदानावर ती उघडी पडणारच होती.

आता आपल्याकडे पाहावे. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती गाजलेला वाद आपण दशकानुदशके शिकवीत आलो. विद्यार्थी दोन घोषणा पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत समोरासमोर मांडतो. फडक्यांच्या पक्षाने खांडेकरांचे खरे बलस्थान कोणते मानावे, किंवा खांडेकरांच्या चाहत्याने आपल्या लेखकाची कोणती उणीव आधी कबूल करावी, असा प्रश्न परीक्षेत विचारलेला आम्ही तरी पाहिला नाही. विचारायला आम्हालाही सुचले नव्हते. साहित्यातील गट एकमेकांचे वाचतात ते बहुधा खोडून काढण्यापुरते. मामा आणि भाचा यांच्या वादात खोडून काढण्याची घाई होतीच. पण तिच्याखाली समोरच्याच्या ताकदीचा आदर वस्तीला होता.

मालिका पूर्ण सात सामने चालली. १७ जून रोजी सातवा सामना झाला. तिसऱ्या सत्रात बॉस्टन तेरा गुणांनी पुढे होता. लेकर्सचा नायक कोबी ब्रायंट याचे त्या दिवशी चोवीस फटक्यांपैकी केवळ सहा साधले. तरीही लेकर्स ८३ विरुद्ध ७९ असे जिंकले, आणि त्याचे एक मोठे कारण मामांनी जेवणाच्या टेबलाशी आधीच सांगितलेले होते. स्वतःच्याच हुकलेल्या फटक्यांचे तेवीस चेंडू लेकर्सनी परत मिळवले. पर्किन्स बाहेरच बसला होता. कारण फाउलचे नव्हते; सहाव्या सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला होता.

काही गोष्टी मात्र दोघांच्याही हिशेबाबाहेरच्या निघाल्या. रे अ‍ॅलनने दुसऱ्या सामन्यात तीन गुणांच्या आठ बास्केट केल्या, तो तेव्हा अंतिम मालिकेतील विक्रम होता. आणि त्याच अ‍ॅलनचे तिसऱ्या सामन्यात तेराच्या तेरा फटके हुकले. बलस्थाने आणि उणिवा यांच्या कोणत्याही यादीत असा माणूस मावत नाही. शिवाय निकालानंतर दोन्ही बाजूंना एकेक 'जर' उरतोच. २००८ मध्ये बायनम दुखापतीमुळे खेळला नव्हता, हा भाच्याचा जर. २०१० च्या सातव्या सामन्यात पर्किन्स नव्हता, हा मामांचा जर. हे सगळे आम्हाला समजण्यासारखे वाटते. विधान केले, ते पडताळले गेले, काही खरे ठरले, काही खोटे ठरले, काहींना सबब मिळाली.

परंतु त्या रात्रीच्या बोलण्यात एक विधान असे होते की त्याचे पुढे काहीच झाले नाही. जेवण आटोपत आले असताना मामा सहज म्हणाले होते, "बाकी काही म्हण, तुमचा गसोल मऊ आहे. २००८ ला पाहिलंस ना? आमच्या माणसांनी जरा खांदा लावला की हा बाजूला." भाचा हिरमुसला. वयाच्या मुद्द्याला त्याच्याकडे उत्तर होते, राँडोच्या मुद्द्याला होते. 'मऊ' या शब्दाला नव्हते. सातव्या सामन्यात पाउ गसोलने एकोणीस गुण केले आणि अठरा रिबाउंड मिळवले. भाच्याने अर्थातच त्या रात्री मामांना चिडवले, "मामा, मऊ माणसाने अठरा रिबाउंड घेतले." त्यावर मामांचे उत्तर असे, "त्या दिवशी कठीण झाला होता."

आमच्या मते या उत्तरातच सारा प्रश्न आहे. 'आमचे रिबाउंड कमी पडतात' हे विधान आहे. ते खोटे ठरू शकते. 'गसोल मऊ आहे' हे मात्र विशेषण आहे, आणि विशेषणाला पराभव ठाऊक नसतो. प्रतिकूल पुरावा समोर आला की तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला जातो आणि विशेषण जागच्या जागी राहते. सामन्याच्या आदल्या रात्री केलेली समीक्षा म्हणून तिची जी थोरवी आम्ही वर सांगितली, ती विधानांपुरतीच खरी आहे. विशेषणे त्या परीक्षेला कधी बसतच नाहीत.

ही विशेषणे येतात कोठून? 'मऊ' हे गसोलसाठी घडवलेले विशेषण नव्हते. तो स्पेनचा. युरोपातून आलेले उंच खेळाडू नाजूक असतात, त्यांना नेमबाजी येते पण धक्का सोसत नाही, ही अमेरिकी चाहत्यांची समजूत त्याच्या आधीपासूनची. गसोलने ऐन तारुण्यात काही काळ वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला होता आणि त्याला संगीत आवडते, या बातम्याही त्या समजुतीला पूरकच ठरल्या. त्याच्याच स्पेनने २००६ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले, या गोष्टीने तिला धक्का बसला नाही. शब्द आधीच तयार होता. माणूस मागाहून येऊन त्यात बसला.

याच दोन संघांचा १९८० च्या दशकातील इतिहास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. तेव्हा लेकर्सचा नायक होता अर्विन 'मॅजिक' जॉन्सन आणि सेल्टिक्सचा लॅरी बर्ड. एक कृष्णवर्णीय, दुसरा गोरा. दोघेही कागदोपत्री सारख्याच उंचीचे, सहा फूट नऊ इंच. १९७९ साली महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या सामन्यात ते प्रथम एकमेकांसमोर आले आणि त्याच वर्षी दोघेही एन.बी.ए.मध्ये दाखल झाले. दोघांचीही खरी ताकद एकच होती: मैदान वाचणे. आपल्या संघातील सहकारी आता कोठे आहे यापेक्षा तो एका क्षणानंतर कोठे असेल हे दोघांना कळत असे. तरी चाहत्यांच्या चर्चेत दोघांच्या वाट्याला दोन वेगळे शब्दकोश आले. बर्ड मेहनती, बर्ड बुद्धिमान, बर्डने रिकाम्या व्यायामशाळेत घामाने कमावले. जॉन्सन चमत्कार, जॉन्सन उपजत, जॉन्सनला ईश्वरी देणगी. त्याचे टोपणनावच पाहावे. शाळकरी वयात, पंधराव्या वर्षी, गावातील एका क्रीडा पत्रकाराने त्याला 'मॅजिक' म्हटले ते कौतुकानेच. पण जादू म्हटले की तालीम दिसेनाशी होते. १९८७ च्या अंतिम मालिकेत चौथ्या सामन्यात त्याने जो हूक-शॉट मारून बॉस्टनच्या अंगणात १०७ विरुद्ध १०६ असा विजय खेचला, तो त्याने करीम अब्दुल-जब्बार याच्याकडून शिकलेला होता. जादू म्हणून पाहणाऱ्याला ते शिक्षण दिसले नाही.

याच वर्षी, या मालिकेच्या आधी, एक प्रकरण घडले. बॉस्टनकडून हरलेल्या डेट्रॉइट पिस्टन्स संघाच्या डेनिस रॉडमनने पराभवानंतरच्या कडवटपणात म्हटले की बर्ड गोरा असल्यामुळे त्याचे इतके कौतुक होते, आणि त्याच संघाच्या आयझेया थॉमसने त्याला दुजोरा दिला: बर्ड कृष्णवर्णीय असता तर तो चार चांगल्या खेळाडूंसारखा एक ठरला असता, अशा अर्थाचे तो बोलला. मोठा गहजब झाला. थॉमसला बर्डच्या शेजारी बसून पत्रकारांसमोर खुलासा करावा लागला. बर्डविषयी तो चुकलाच होता. बर्ड कोणत्याही वर्णाचा असता तरी असामान्यच ठरला असता. परंतु त्याच दिवसांत एका वृत्तपत्राशी बोलताना थॉमसने जे स्पष्टीकरण दिले त्याकडे गहजबात दुर्लक्ष झाले. बर्डने काही अप्रतिम केले की त्याच्या विचारशक्तीला आणि कष्टांना श्रेय मिळते. आम्ही केले की आम्ही नुसते धावतो आणि उड्या मारतो, जणू आईच्या उदरातून चेंडू आपटीतच बाहेर पडलो, असे धरले जाते, असा त्याचा आशय होता. खेळाडूविषयीचे त्याचे मत चुकीचे होते, पण शब्दकोशाविषयीचे निरीक्षण अचूक होते. साहित्याच्या अभ्यासकाने त्यातून धडा घ्यावा तो या दुसऱ्या भागातून.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मामांनीच आमच्यापाशी घेतला. सेल्टिक्सला गोऱ्यांचा संघ म्हणणे अन्याय आहे, असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. १९५० साली चक कूपर या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड करून एन.बी.ए.च्या निवडप्रक्रियेतील वर्णाची भिंत बॉस्टननेच मोडली. १९६४ मध्ये पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सामना सुरू करणारा पहिला संघ बॉस्टनचाच. १९६६ मध्ये बिल रसेलला प्रशिक्षक नेमून, अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक खेळांत या काळात कोणी न केलेली गोष्ट त्यांनी केली. आणि तरी याच रसेलच्या घरात घुसून लोकांनी नासधूस केली, तीही याच परिसरात. याचा अर्थ आम्ही असा लावतो की संस्थेचे वर्तन आणि चाहत्यांची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघ पुढे गेला म्हणून त्याच्याविषयी बोलण्याची रीत पुढे जातेच असे नाही. बोलण्याची रीत सर्वांत शेवटी बदलते. बदलत असेल तर.

आता घरी परतू. आपल्या काव्यशास्त्राने काव्य कशातून निर्माण होते हा प्रश्न फार पूर्वी विचारला. 'काव्यप्रकाश'कार मम्मटाने तीन गोष्टी सांगितल्या: शक्ती म्हणजे प्रतिभा, निपुणता म्हणजे लोक आणि शास्त्र यांच्या निरीक्षणातून आलेली व्युत्पत्ती, आणि जाणत्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास. 'हेतू' हा शब्द त्याने एकवचनी योजला, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले आहे. तिन्ही मिळून एकच कारण. त्यांची वाटणी करता येत नाही. आपण वर्गात हे शिकवतो. आणि वर्गाबाहेर आल्यावर नेमकी वाटणी करतो.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घ्यावे. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. कौतुकात कोठेही कसूर नव्हती. त्या कौतुकाचा लाडका शब्द मात्र 'निसर्गकन्या' हा होता. त्या निरक्षर होत्या हे खरे. पण निरक्षर म्हणजे अव्युत्पन्न नव्हे. जात्यावरच्या ओव्यांचा केवढा मोठा संग्रह खानदेशातील बायकांच्या मुखी पिढ्यानपिढ्या नांदत होता. तो ऐकणे हे त्यांचे वाचन होते आणि रोज पहाटे दळताना गाणे हा त्यांचा अभ्यास. ओवीची लय कोठे आखडायची, यमक कोठे टाळून दुसऱ्याच ठिकाणी वाजवायचे, प्रश्न कोठे टाकायचा हे झाडाला फूल यावे तसे येत नाही. 'निसर्गकन्या' म्हटले की ही सारी कारागिरी निसर्गाच्या नावे जमा होते आणि बाईच्या हाती फक्त निरागसता उरते. 'मॅजिक'ची आणि या शब्दाची जात एकच आहे.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्यानंतर दलित आत्मकथनांची जी समीक्षा झाली तिच्यात 'दाहक अनुभव', 'अस्सल', 'जिवंत', 'प्रखर' ही विशेषणे किती वेळा आली याची कोणी मोजदाद करावी. या पुस्तकाची रचना पाहावी. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आहे, आणि ऐकणारा आहे तो शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार. एकाच माणसाचे दोन तुकडे करून एकाला बोलते आणि दुसऱ्याला ऐकते करणे, आणि त्या दोघांतील अंतर हाच पुस्तकाचा विषय बनवणे, ही निवेदनाची पक्की योजना आहे. ती अनुभवाने आपोआप सुचत नाही. लेखक ती निवडतो. हीच योजना एखाद्या पाश्चात्त्य कादंबरीत दिसती तर निवेदनशास्त्रावरचे निदान चार निबंध आपण विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले असते.

यावर कोणी म्हणेल की 'अनुभव' हा निकष दलित लेखकांनी स्वतःच पुढे केला. हे बरोबर आहे, आणि त्यांनी तो योग्यच केला. आमचे जगणे तुम्ही लिहू शकत नाही, हा त्यात हक्क होता. परंतु तोच शब्द पलीकडच्या तोंडी गेला की त्याची कुंपणाची तार होते: अनुभव तुमचा, शिल्प आमचे. एकाच शब्दाची किंमत तो कोण उच्चारतो यावर ठरते, हे भाषेच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको.

बास्केटबॉलची आणि आपली तुलना येथे एका ठिकाणी अडते, आणि ते अडणेच उद्बोधक आहे. अमेरिकी चाहत्याच्या मनात कष्टाला मान आहे. देणगी ही दुय्यम, जवळजवळ संशयास्पद. म्हणून मान द्यायचा त्याला कष्टाळू म्हटले गेले. आपल्या साहित्यविचारात उलट आहे. प्रतिभा श्रेष्ठ, अभ्यास हा कारकुनी. तेव्हा आपल्याकडे 'उपजत' म्हणणे हा गौरवच ठरायला हवा. पण तसे झाले नाही. प्रतिष्ठित कवीच्या उपजतपणाला आपण 'प्रतिभा' म्हटले, शेतकरी बाईच्या उपजतपणाला 'निसर्ग' आणि दलित लेखकाच्या उपजतपणाला 'अनुभव'. म्हणजे श्रेष्ठ शब्द कोणता याला महत्त्व नाही. ज्याला कर्तेपण द्यायचे त्याला त्या काळी श्रेष्ठ असलेला शब्द मिळतो. ज्याला ते द्यायचे नाही त्याच्या निर्मितीचे श्रेय त्याच्या बाहेरच्या कशाला तरी, देवाला, मातीला किंवा दुःखाला, दिले जाते. विशेषण कौतुकाचे आहे की निंदेचे, हे पाहून म्हणून भागत नाही. ते माणसाच्या हातून काय काढून घेते हे पाहावे लागते.

हे आम्ही इतरांवर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी कविता निवडताना एका विद्यार्थ्याची कविता आमच्यापुढे आली. ऊसतोडीच्या फडावर बालपण काढलेला हा मुलगा. कविता उत्तम होती. आम्ही तिच्या कोपऱ्यात 'उत्स्फूर्त व अस्सल' असा शेरा लिहून ती निवडली आणि आपण गुणग्राहक असल्याचे समाधान मिळवले. दोन दिवसांनी तो भेटायला आला. तक्रार अशी त्याने केली नाही. पिशवीतून एक वही काढली आणि म्हणाला, "सर, ही नवव्यांदा लिहिली आहे." वहीत खरोखरच नऊ खर्डे होते. तिसऱ्या खर्ड्यात एक कडवे संपूर्ण गेले होते, सहाव्यात शेवट पहिल्या ओळीजागी आला होता, आठव्यात एकच क्रियापद चार वेळा बदललेले. शेजारच्याच निवडीवर, गावातील एका डॉक्टरांच्या मुलीच्या कवितेवर, आम्ही लिहिले होते 'रचनेची उत्तम जाण'. तिने किती खर्डे केले होते हे आम्ही विचारले नव्हते. दोघांच्याही वह्या न पाहताच आम्ही दोन शब्दकोश उघडले होते.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. विशेषणे टाळा असे आम्ही म्हणणार नाही. विशेषणाविना समीक्षा लिहिणे कोणाला जमलेले नाही. मात्र सामन्याच्या आदल्या रात्रीची शिस्त विशेषणांनाही लावावी. 'मऊ', 'अस्सल', 'उपजत', 'दाहक', 'बौद्धिक', 'रचनाबद्ध' यांपैकी कोणताही शब्द लिहिताना स्वतःला विचारावे: काय दिसले तर मी हा शब्द मागे घेईन? याला उत्तर असेल तर तो शब्द समीक्षेचा आहे. काहीही दिसले तरी 'त्या दिवशी तसा झाला होता' एवढेच आपण म्हणणार असू, तर तो शब्द आपण त्या पुस्तकात वाचलेला नाही. घरातून बरोबर आणलेला आहे. दुसरी गोष्ट, प्रतिस्पर्धी पक्षाचे बलस्थान आधी मांडावे, आणि ते असे मांडावे की त्या पक्षाच्या माणसाने 'होय, हेच' म्हणावे. मामांना ते जमत होते. पदव्युत्तर वर्गात ते जमू नये असे काही नाही.

त्या दोघांचा वाद आजही थांबलेला नाही. २०२० मध्ये लेकर्सनी सतरावे अजिंक्यपद मिळवून बॉस्टनशी बरोबरी केली, तेव्हा भाच्याचा आवाज चढला. २०२४ मध्ये बॉस्टनने अठरावे मिळवले, तेव्हा मामांचा. मार्च २०२३ मध्ये लेकर्सनी गसोलचा सोळा क्रमांकाचा सदरा समारंभपूर्वक आपल्या सभागृहात कायमचा टांगला. त्या रात्री मामांनी भाच्याला आपणहून फोन केला, असे भाच्याने आम्हाला सांगितले. क्षमा वगैरे काही नाही. "रिबाउंडला जागा धरायचा तो, आधीच जाऊन उभा राहायचा. हे शिकावं लागतं," एवढेच म्हणाले. विशेषण गेले होते आणि त्याच्या जागी एक विधान आले होते. तेरा वर्षे लागली.

ज्या वाचकांच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिका, नियतकालिकांचे अंक आणि आपलीच जुनी परीक्षणे पडून आहेत, त्यांनी एखाद्या रविवारी ती काढून केवळ विशेषणे अधोरेखित करावीत, आणि कोणते कोणाच्या वाट्याला गेले ते पाहावे. आम्ही पाहिले. तो शेरा आम्ही खोडला आहे आणि त्या मुलाची वही, त्याच्या परवानगीने, यंदा काव्यशास्त्राच्या वर्गात मम्मटाच्या शेजारी ठेवली आहे.